दुधीचा वाटा

दुधी नव्या डायनिंग टेबलाच्या पायावर जाऊन आपटली तेव्हा तातेराव हसले, त्यांची लेक रूपाली हसली, आणि विरजणाची वाटी परत द्यायला आलेल्या समोरच्या फ्लॅटमधल्या कुसुमताईही हसल्या. मांजरानं भर दुपारी टेबलाला धडकावं म्हणजे गंमतच की. टेबल कालच आलं होतं. वर काच, खाली चार जाडजूड लाकडी पाय, आणि हॉलमध्ये ते मावता मावेना म्हणून सोफा ढकलून भिंतीला लावला होता. "नवी वस्तू आहे, सवय व्हायचीय तिला," तातेराव म्हणाले. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूबद्दल ते असेच खात्रीनं बोलत. विमलाबाई मात्र हसल्या नाहीत. रेल्वेच्या दवाखान्यात सारा जन्म सिस्टर म्हणून काढलेली बाई ती. माणूस वॉर्डाच्या दारातून आत कसा येतो यावरून त्याला काय झालंय ते ओळखणारी. दुधी आपटली, मागे सरली, मान खाली घालून तिनं मिशांनी तो पाय चाचपला आणि मग त्याला वळसा घालून गेली. तो वळसा विमलाबाईंनी फार वेळा पाहिला होता. मोतीबिंदूची म्हातारी माणसं कॉटच्या कडेकडेनं अशीच जातात. त्यांनी दुधीला उचलून बाल्कनीच्या उजेडात नेलं. तारनाक्याचं एप्रिलमधलं पांढरंफटक ऊन. एवढ्या उन्हात मांजराच्या बुबुळांची बारीक रेघ व्हायला पाहिजे, ती होईना; दोन्ही डोळे काळेभोर, सताड. डोळ्यांसमोर बोट फिरवलं तर दुधी ढिम्म. बोटं नुसती एकमेकांवर घासली तर मात्र लगेच तिनं तिकडे तोंड केलं. "हिला दिसत नाहीये," विमलाबाई म्हणाल्या. वॉर्डात डॉक्टर यायच्या आधी ज्या आवाजात त्या निदान सांगून मोकळ्या होत, त्याच आवाजात. कुसुमताईंचं हसू थांबलं. "अगंबाई! नजर लागली असेल हो. एवढं सात्त्विक मांजर," त्या म्हणाल्या, आणि ती वाटी नव्या काचेवर अलगद ठेवून गेल्या.

सात्त्विक मांजर. सगळ्या बिल्डिंगमध्ये दुधीची हीच ओळख होती. विद्यापीठाच्या बाजूनं रूपालीनं ओढणीत गुंडाळून आणलं तेव्हा ते पांढरंशुभ्र पिल्लू मुठीएवढं होतं. तातेरावांनी त्याला दुधी म्हटलं, दूध दिलं, मग दूधभात, मग दहीभात, आणि सणासुदीला वरणभातावर तूप. मांजर ते खाई. नाक वळवून का होईना, खाई. लोकांना याचं भारी कौतुक. कुसुमताई तर पाहुणे आले की मुद्दाम त्यांना समोर घेऊन येत, "बघा, बघा, दहीभात खाणारं मांजर," आणि तातेराव चष्मा पुसत म्हणत, "घरात जे असतं तेच तिला मिळणार ना." हे म्हणताना त्यांची छाती किती फुगते ते विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत. त्या फुगण्याची सुरुवात त्यांना ठाऊक होती. लग्नानंतर हैदराबादेत आले तेव्हा तारनाक्यातच दोन खोल्या बघितल्या होत्या. मालक भला माणूस. नाव विचारलं, गाव विचारलं. तातेरावांनी काहीही न लपवता, बौद्ध आहोत, परभणीकडचे, रेल्वेत नोकरी, असं ताठ मानेनं सांगितलं. जात त्यांनी कधी लपवली नाही. आजही हॉलमध्ये दारातून दिसेल असा बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धाची मूर्ती आहे. पण तो मालक आपला आपणच खूश होऊन म्हणाला, "बौद्ध म्हणजे अहिंसावाले. मग खाण्यापिण्याचा प्रश्नच नाही," आणि त्यानं किल्ली पुढे केली. तातेराव काही बोलले नाहीत. किल्ली घेतली. जिन्यात विमलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाले, "आपण कुठं खोटं बोललो? आपण बोललोच नाही." नवी नवरी होती ती. तिला हसू आलं होतं. तिला वाटलं, चार-सहा महिन्यांचा खेळ आहे.

तो खेळ चोवीस-पंचवीस वर्षं चालला. आधी वासाची भीती होती, मग सवय झाली, मग अभिमान झाला. या क्रमात विमलाबाईंना कुठंही स्वतःला थांबवता आलं नाही, कारण प्रत्येक पायरीवर कुणीतरी शाबासकी द्यायला उभंच होतं. दवाखान्यातल्या बायका म्हणत, सिस्टर तर अंडंसुद्धा खात नाहीत. कुसुमताई म्हणत, आमच्यापेक्षा तुमचं कडक. याच कुसुमताईंनी या बिल्डिंगमधला फ्लॅट सुचवला, शब्द टाकला, आणि तातेरावांचं ते न बोलणंही सामानासोबत ट्रकमध्ये चढून इथं राहायला आलं. त्यांचं म्हणणं एकच. बोट ठेवायला जागा नको. ऑफिसात त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवू शकलं नाही, बिल्डिंगचे सेक्रेटरी झाले तर पाण्याच्या टाकीवर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, तसंच हे ताट. आपल्या माणसाला लोक कुठं बोट ठेवतात ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, आणि विमलाबाईंनीही. म्हणून त्या भांडल्या नाहीत. वर्षातून एकदा परभणीला मिलिंदकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे गेल्या की माय जे वाढी ते पोटभर खाऊन येत. तातेराव तिथंही वरणभातच घेत. सवय मोडायला नको म्हणत. मग माय गेली, मिलिंदची बदली झाली, आणि परभणीचं जाणं आपसूक थांबलं. रूपालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती जन्मली तीच कुसुमताईंच्या पुरणपोळीवर वाढली, मटणाच्या दुकानासमोरून जाताना नाकाला रुमाल लावी. माधापूरकडे नव्या निघालेल्या कॉम्प्युटर कंपनीत लागली, कंपनीची बस तिला न्यायला तारनाक्याच्या चौकात यायची, आणि तिथल्या कँटीनमध्ये ती मोठ्यानं सांगायची, "आमच्या फॅमिलीत सगळे प्युअर व्हेज, आमची कॅटसुद्धा."

जनावरांच्या डॉक्टरांसमोर तिनं हेच सांगितलं, आणि तिथं मात्र कुणी कौतुक केलं नाही. डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणजे आखूड केसांची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली तेलुगू बाई. टॉर्च दुधीच्या एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात. छातीला नळी लावून तिनं बराच वेळ ऐकलं. मग टॉर्च खाली ठेवला आणि विमलाबाईंकडे बघून म्हणाली, "अम्मा, बिल्ली कभी व्हेज होती क्या? गाय है क्या ये?" रूपाली गोरीमोरी झाली. डॉक्टरीण समजावून सांगू लागली. मांजराच्या अंगाला एक गोष्ट लागते, ती त्याच्या अंगात पुरेशी तयारच होत नाही, ती मांसातूनच घ्यावी लागते. नाही मिळाली तर आधी डोळ्यांचा पडदा जातो, मग हृदय फुगून सैल पडतं. "इसका दिल अभी अच्छा है. आँख का जो गया वो गया, वापस नहीं आता. जो है वो रहता, खाना बदले तो." परदेशी खाण्याची पाकिटं मिळू लागलीत, पण आज दुकानात आहेत, उद्या नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. मांस द्या, त्यात बकऱ्याचं दिल घाला, हवं ते त्यातच सगळ्यात जास्त असतं. आणि कच्चं द्या. शिजवलं तर तेच पाण्यात उतरतं. निव्वळ मऊ मांसही नको, हाड पाहिजे, कोंबडीची मान कच्चीच ठेचून. शिजलेलं हाड मात्र कधी नाही, ते आत टोचतं. अंड्यातलं पिवळं कधीमधी. कलेजी अगदी थोडी, जास्त झाली तर तिचाही त्रास. आणून आधी फ्रीजरमध्ये पक्कं गोठवा, मग काढून द्या, हात आणि भांडी साबणानं धुवा. "सब में का थोड़ा-थोड़ा, अम्मा. एकच चीज़ नक्को." विमलाबाई माना डोलावत होत्या, पथ्य लक्षात ठेवायची त्यांना सवयच होती, पण त्या शेवटच्या वाक्यापाशी त्यांचं लक्ष कुठंतरी अडकून राहिलं. सगळ्यातलं थोडं-थोडं. हे त्यांनी आधी ऐकलं होतं, आणि दवाखान्यात नाही. "पहले बाहर जाती थी क्या?" डॉक्टरीण विचारत होती. "इतने साल दही-चावल पे ये जी कैसे गई, मैं वो सोच रही हूँ."

येताना रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसल्या असताना विमलाबाईंना त्याचं उत्तर सापडलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. कबुतराचं पिल्लू! मागच्याच्या मागच्या दिवाळीत कुसुमताईंच्या रांगोळीवर कबुतराचं एक पिल्लू मरून पडलं होतं, अर्धं. केवढा गोंधळ झाला. बिल्डिंगची मीटिंग झाली, आणि सेक्रेटरी म्हणून तातेराव उभे राहून म्हणाले, आमच्या दुधीचं हे काम नाही, ती दहीभात खाते. सगळ्यांनी मान्य केलं. कावळ्यावर आळ गेला. तरीही बोट ठेवायला जागा नको म्हणून तातेरावांनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून बाल्कनीला आणि सगळ्या खिडक्यांना जाळी मारून घेतली. म्हणजे दुधीचंही बाहेर चालू होतं! घरात दहीभात, मिशा पुसून कौतुक करून घ्यायचं, आणि जिन्याखाली, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे स्वतःचं खरं जेवण. जाळी लागली आणि ते बंद झालं, आणि मग हळूहळू तिच्यासमोरचं जग विरत गेलं. विमलाबाईंचं हसू जसं आलं तसं गेलं. मायच्या मागे परभणीचं जाणं थांबलं तेव्हा माझ्या खिडकीला कुणी जाळी मारली, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि रागच आला त्यांना, त्या विचाराचा नव्हे, स्वतःचा. "रूपाली," त्या म्हणाल्या, "उद्यापासून हिला मांस. मी आणणार, मी कापणार." रूपाली टोपलीकडे बघत रडत होती. "आई, आपणच केलं ना हे? आपण तिला लव्ह करत होतो ना, फिर भी?" विमलाबाईंनी होय म्हटलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तातेरावांना विमलाबाई त्या रात्रीच्या जेवणाआधीच सांगून मोकळ्या झाल्या. त्यांनी सगळं ऐकलं, दुधीच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांचा जीव होताच तिच्यावर, आणि एकच प्रश्न विचारला. "कच्चं द्यायचं? म्हणजे फोडणी नाही? परतायचं नाही?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग हरकत नाही. वास यायचा नाही." दुसऱ्या दिवशीपासून मांस आणायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. सिकंदराबादेत ऑफिसच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. संध्याकाळी त्यांचा रिकामा झालेला जेवणाचा स्टीलचा डबा तिथं भरायचा, बकऱ्याचं दिल, थोडं मांस, कोंबडीच्या माना, कलेजी, आणि डबा नेहमीच्या निळ्या पिशवीत, पिशवी नेहमीच्या खांद्याला. जिन्यात कुसुमताई भेटल्या तर, "काय भाऊ, आज उशीर," "हौ, लोकलचा घोळ," एवढं बोलून वर. तो डबा ते ओट्यावर ठेवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद असे. दुधीचं पथ्य सुरू झालं होतं, आणि बिल्डिंगला पत्ता नव्हता. दोन्ही गोष्टी साधल्या म्हणून माणूस खूश. विमलाबाईंना त्या खुशीवर रागावता येईना, आणि तिच्यात सामीलही होता येईना.

पहिल्या दिवशी त्यांनी ओट्यावर सुरी घेतली आणि सुरी दिलावरून घसरली. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा त्यांनी ती ठेवून दिली, स्टुलावर चढून माळ्यावरची विळी काढली, धुतली, जमिनीवर पाट टाकून बसल्या आणि पायाखाली विळी धरली. मग हात आपले आपणच चालू लागले. पांढरी चरबी एका ओढीत निघाली, दिल दोन भाग झालं, आतलं साकळलेलं रक्त अंगठ्यानं निपटलं, बोटाएवढे तुकडे भराभरा पडत गेले. कोंबडीची मान वरवंट्याखाली घेतली आणि हाड कसं चुरलं पाहिजे तेही हाताला ठाऊक होतं. कलेजीचा फक्त एक पातळ काप. सगळं मिळून एका बशीत, सगळ्यातलं थोडं-थोडं, आणि झाकण लावून फ्रीजरमध्ये. वर बघितलं तर दारात रूपाली. तोंडावर रुमाल होता, पण डोळे आईच्या हातांवर. "आई," ती म्हणाली, "तुला हे कसं येतं?" विमलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. इतकी वर्षं मुलीनं ज्या हातांची पोळी खाल्ली ते हात ती पहिल्यांदा बघत होती. "माझ्या मायनं शिकवलं," त्या म्हणाल्या. मग तिथंच, विळीवर बसल्या बसल्या, त्यांनी तिला वाट्यांची गोष्ट सांगितली. सणावाराला वस्ती मिळून जनावर घ्यायची. पळसाची पानं ओळीनं मांडायची आणि पानापानावर वाटे घालायचे. वाटा म्हणजे नुसता मांसाचा ढीग नव्हे. प्रत्येक पानावर दिल पाहिजे, कलेजी पाहिजे, हाड पाहिजे, चरबी पाहिजे, सगळ्यातलं थोडं-थोडं. माय एकेक पान वाकून बघायची, आणि एखाद्या पानावर कलेजी जास्त दिसली तर तिकडची इकडे करायची. पहिला वाटा वस्तीतल्या बाळंतिणीचा नाहीतर दुखणाईताचा. तो न विचारता बाजूला. बाकीच्यांसाठी एका पोराला पाठ करून बसवायचे. वाटे त्याला दिसता कामा नयेत. मागून चुलता एका पानावर बोट ठेवी आणि विचारी, हा कुणाचा? पोरानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा, त्यात बदल नाही, कुरकुर नाही. "मलाच बसवायचे बहुतेक," विमलाबाई म्हणाल्या. "माझा आवाज खणखणीत होता म्हणून." रूपाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रुमाल कधी खाली आला ते तिलाही कळलं नसावं. "मला नाही खायचं ते कधी," ती म्हणाली, "मला जमणारच नाही. लेकिन मला सांगितलं का नाही? मी सगळ्यांना काय-काय बोलत फिरले, आई." विमलाबाईंनी विळी धुवायला घेतली.

दुधीनं पहिली बशी बघितली नाही, हुंगली. तिचं सबंध अंग थरारलं, मागचे पाय ताठ झाले, आणि जन्मात कधी न काढलेला एक खोल, घोगरा आवाज तिच्या गळ्यातून आला. मानेचं हाड तिनं डोकं तिरपं करून दाढेखाली असं फोडलं की ऐकून तातेराव दचकले. बशी चाटून लख्ख. पुढच्या काही आठवड्यांत तिच्या केसांना चकाकी आली, कोपऱ्यात मुटकुळं करून पडून राहणं संपलं, आणि डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून मान हलवली. डोळे आहेत तिथंच आहेत, पुढे सरकलेलं नाही. उजेड-अंधार कळतोय, हललेलं कळतंय, तेवढं राहील. पथ्य सोडू नका. विमलाबाईंना मनापासून आनंद झाला. आजारी जीव आपल्या हाताखाली सुधारताना बघण्याचा हा आनंद त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि आपल्याला हे काम येतं याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. घोटाळा होत होता तो कलेजीचा. दुकानदार कलेजी चिमूटभर देत नसे, आणि दुधीला लागे ती पातळ कापाएवढीच. बाकीची उरे. कचऱ्यात टाकावी तर कचरेवाली हीच कुसुमताईंचीही. मग विमलाबाई ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पर्समध्ये घालत आणि ड्यूटीवर जाताना दवाखान्याच्या फाटकावरच्या कुत्र्यांना टाकत. कुत्री त्यांना ओळखू लागली. बस थांबली की शेपट्या हलवत उभी. वॉचमन म्हणे, सिस्टर मोठ्या दयाळू. एके सकाळी असंच त्यांनी पिशवी उलटी केली आणि ताजी, तांबूस-काळी, तकाकणारी कलेजी मातीत पडली, त्यावर चार तोंडं तुटून पडली, आणि विमलाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. सुटलं ते सुटलंच. त्यांनी आवंढा गिळला. चुलीवरच्या तव्यातला लसूण, येसराच्या मसाल्याचा तो भाजका वास, मायच्या हातातली चुलीच्या धगीनं काळवंडलेली बांगडी, सगळं एका आवंढ्यात. मांजर खातंय, कुत्री खाताहेत, त्यांच्या मनात आलं, आणि मी इथं पर्स धरून उभी आहे. लाज वाटली त्यांना. कलेजीची नाही. तिच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं याचीही नाही. दिवसाढवळ्या चोरासारखं रस्त्यावर अन्न ओतून येणाऱ्या त्या हाताची लाज वाटली. माय असती तर तिनं त्या हातावर फटका मारला असता.

पुढच्या रविवारी त्यांनी लोखंडी तवा काढला. सकाळची वेळ, सगळी बिल्डिंग घरात, घरोघरी टीव्ही चाललेले. शनिवारच्या डब्यातल्या मांसाची वाटणी करून त्यांनी दुधीचे डबे फ्रीजरला लावले होते. आजची बशी रात्रीच खाली काढून ठेवली होती. कलेजी मात्र त्यांनी गोठवली नव्हती. धुतली, हळद-मीठ लावलं. येसर त्यांनी शुक्रवारीच भाजून कुटून ठेवला होता. कशासाठी ते कुणी विचारलं नव्हतं. तवा तापला. तेल. लसूण चांगला लाल होऊ दिला, घाई केली नाही. कांदा पडला, मग कलेजी पडली, आणि ती चर्रकन वाजताच हॉलमध्ये पेपर खाली आल्याचा आवाज झाला. तातेराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी तव्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकी उघडी होती, जाळीची चौकटसुद्धा काढून ठेवलेली. "विमल," ते हळू आवाजात म्हणाले, "खिडकी लाव." "नाही लावत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उरलेलं कुत्र्यांना घालते मी रोज. आता नाही घालणार." "अगं, एवढ्या वर्षांचं सगळं…" "तेच म्हणतेय मी. एवढ्या वर्षांचं." तातेरावांचे ओठ हलले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, जिन्यातल्या त्या पहिल्या दिवशीची, किल्ली मुठीत घट्ट धरलेल्या तरुण माणसाची, आणि ती बघून विमलाबाईंना भडभडून आलं. वाईट माणूस नव्हता हा. कुणी आपल्या बायकापोरांकडे बोट दाखवू नये म्हणून यानं स्वतःची जीभ मारली होती. तातेराव परत हॉलमध्ये गेले, खुर्ची ओढून त्यांनी बाल्कनीकडे तोंड केलं, स्वयंपाकघराकडे आणि दाराकडे पाठ, आणि पेपर उघडून उंच धरला.

वास हॉलमधून दाराखालून बाहेर गेला, जिन्यात उतरला. विमलाबाईंना तो जाताना जवळजवळ दिसला. बेल वाजलीच. रूपालीनं दार उघडलं. "काय जळतंय हो विमलाताई?" कुसुमताई पदर नाकाला लावून उंबऱ्यात. "कुकर विसरलात की काय?" विमलाबाई उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. "जळत नाही काही. कलेजी परततेय." कुसुमताईंचा पदर नाकावरच राहिला. "दुधीला?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण बाईनं आपणच एक वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. "दुधीचं कच्चं असतं," विमलाबाई म्हणाल्या, "मांसावाचून तिचे डोळे गेले, आता डॉक्टरांनी चालू केलंय. ही मला." बोलून झालं आणि काही कोसळलं नाही. वरच्या मजल्यावर टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. कुसुमताईंनी एकदा रूपालीकडे बघितलं, एकदा बाबासाहेबांच्या फोटोकडे, आणि मग त्यांची नजर त्या उंच धरलेल्या पेपरवर जाऊन थांबली. "भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं काहीतरी होतं, "तुम्ही पण?"

पेपर हलला नाही. विमलाबाईंना सवयीनं त्यांच्या वतीनं बोलावंसं वाटलं. आजवर घरातल्या प्रत्येक अवघड प्रश्नाला त्याच उत्तर देत आल्या होत्या. त्यांनी ओठ मिटले. आत गेल्या. ओट्यावर ओळीनं ताटल्या मांडल्या. पहिला वाटा, कच्चा, दिल आणि मान आणि कलेजीचा पातळ काप, दुखणाईताचा, म्हणून न विचारता खाली जमिनीवर ठेवला. दुधी वासानं सरळ, एकाही खुर्चीला न धडकता, तिथवर आली. मग त्यांनी तव्यातलं भाकरीसोबत वाढून घेतलं आणि दोन्ही ताटल्या घेऊन त्या हॉलच्या मध्यात, तातेरावांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. एक ताटली नव्या टेबलाच्या काचेवर ठेवली, तिच्यावर बोट ठेवलं आणि लहानपणीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "हा कुणाचा?"

पेपर थोडा खाली आला. तातेरावांच्याही वस्तीत हाच कायदा होता. पाठ करून बसलेल्याला विचारलं की त्यानं उत्तर द्यायचंच, गप्प बसायचं नाही. त्यांच्या मानेवरची पांढरी लव विमलाबाईंना दिसत होती. आत दुधी हाड फोडत होती, तेवढाच आवाज. कुसुमताई उंबऱ्यातून गेल्या नव्हत्या.

"माझा," तातेराव म्हणाले. आवाज फुटला म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा तो."

कुसुमताईंनी पदर नाकावरून खाली घेतला. मग जाता जाता, दाराबाहेर पाऊल टाकून, त्यांनी मागे वळून विचारलं, "दुधीला आता दिसतंय का हो थोडं?" "जेवढं आहे तेवढं राहील म्हणाल्या डॉक्टरीणबाई," विमलाबाईंनी सांगितलं. "बरं झालं," कुसुमताई म्हणाल्या, आणि गेल्या. उद्या त्या विरजण मागायला येतील की नाही, ते विमलाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी दार लावलं नाही. रूपालीनं फ्रीजमधला दहीभात काढला आणि आपली ताटली घेऊन ती टेबलाशी येऊन बसली. घरात खरी शाकाहारी एवढी एकच होती आणि तिच्या तोंडावर आता रुमाल नव्हता. तातेराव खुर्ची वळवून बसले. भाकरीचा तुकडा त्यांनी मोडला, त्यात कलेजी धरली, आणि तो तुकडा हातात धरून त्याकडे बघत राहिले. मग तोंडात घातला. सावकाश चावला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"तिखट झालंय," ते म्हणाले.

"हौ," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटलीत आणखी वाढलं.